सेव्हिलचा पिसाकर

स्पेनच्या सेव्हिल शहरात भिंतीवरच्या रंगीत, झिलईदार फरशीला 'असुलेहो' म्हणतात. गोव्यात 'अझुलेजु' म्हणून ओळखला जातो तोच हा शब्द. मूळ अरबी, आणि अर्थ घासून लखलखीत केलेला दगडाचा तुकडा. या असुलेहोच्या अनेक जाती आहेत. त्यांतली एक अगदी सपाट असते, तिच्यावर कुंचल्याने थेट चित्र काढलेले असते आणि ते चित्र एका फरशीवर न थांबता शेजारच्या दहा-वीस फरशांवरून वाहत जाते. तिला जाणकार 'पिसानो' म्हणतात. पिसानो म्हणजे पिसा गावचा. पुण्याचा तो पुणेकर, तसा हा पिसाकर. परमुलखातून आलेल्या एका कारागिराचे आडनाव त्याच्या मागे पाचशे वर्षे कामाच्या पद्धतीचे नाव होऊन राहिले आहे.

या पिसाकराचे नाव फ्रान्सिस्को निकुलोसो. 1498 साली सेव्हिलच्या दप्तरात तो पहिल्यांदा दिसतो आणि 1529 मध्ये तिथेच मरतो. मधली तीस वर्षे तो नदीपलीकडच्या त्रियाना वस्तीत, कुंभारांच्या शेजारात काम करत होता. प्रबोधनकाळातल्या इटालियन कलावंतांची नावे घेताना त्याचे नाव कुणाच्या तोंडी येत नाही. त्याची चित्रे कॅनव्हासवर नाहीत, भिंतीत चुन्याने बसवलेली आहेत. ती सहजासहजी उचलून प्रदर्शनाला नेता येत नाहीत, लिलावात विकता येत नाहीत. ज्याला पाहायची असतील त्याने त्या भिंतीसमोर जाऊन उभे राहायचे. शिवाय फरशी म्हटले की आपली नजर आपोआप खालच्या पायरीवर उतरते. चित्र ते चित्र आणि फरशी ती फरशी, अशी आपली समजूत असते. निकुलोसोचे काम पाहायचे तर ही समजूत दाराबाहेर ठेवावी लागते.

तो ज्या गावचा, त्या पिसाच्या जुन्या चर्चांवर एक नवल दिसते. अकराव्या शतकापासून तिथल्या चर्चांच्या दर्शनी भिंतींत विटांच्या मधोमध रंगीत झिलईचे वाडगे जडवलेले होते. ते समुद्रापलीकडच्या मुसलमान कुंभारांनी केलेले, उत्तर आफ्रिकेतून आणि स्पेनच्या बाजूने जहाजांवरून आलेले. इटलीत पुढे ज्या पांढऱ्या झिलईच्या कामाला 'मायोलिका' म्हणू लागले, ते नावही स्पेनच्या मायोर्का बेटावरून पडले, कारण व्हॅलेन्सियाची झळाळती भांडी त्या मार्गाने इटलीत उतरत. म्हणजे पिसाच्या माणसाने सेव्हिलला नेलेली विद्या अर्धी तिथलीच होती. लेकीने सासरी जाऊन चार नव्या गोष्टी शिकाव्यात आणि त्या घेऊन माहेरी परत यावे, तशी ती परतली.

त्रियानात फरशीकाम आधीपासून जोरात होते, म्हणून निकुलोसोने नेमके काय वेगळे केले ते पाहण्यासारखे आहे. तिथल्या कारागिरांची खरी अडचण एकच होती: भट्टीत झिलई वितळली की एक रंग दुसऱ्यात पसरतो. त्यावर त्यांनी दोन तोडगे काढले होते. एकात रंगांच्या मधे तेलकट, काळपट रेघ ओढायची. तेल आणि पाणी एकमेकांना टाळतात, त्यामुळे पाण्यात कालवलेली झिलई रेघेपलीकडे जात नाही. याला 'कुएर्दा सेका', म्हणजे कोरडी दोरी म्हणत. दुसऱ्यात ओल्या मातीवर साचा दाबून बारीक कडा उठवायच्या आणि प्रत्येक खळग्यात वेगळा रंग भरायचा. शेताच्या बांधाने पाणी अडवावे तसे. दोन्ही रीतींत रंगाला कुंपण लागते. त्यामुळे नक्षी भौमितिक राहते, एका किंवा चार फरशांत पुरी होते आणि मग हवी तितकी पुन्हा पुन्हा मांडली जाते. एखादी फरशी फुटली तर तिच्या जागी तशीच दुसरी बसते. मूरिश, म्हणजे स्पेनमधल्या मुसलमान कारागिरांच्या, परंपरेचे सारे सौंदर्य या पुनरावृत्तीत आहे आणि ते थोर आहे.

निकुलोसोने कुंपणच काढून टाकले. फरशी एकदा भाजून घ्यायची, मग कथील आणि शिसे यांच्या पांढऱ्या झिलईत बुडवून वाळवायची. वाळलेली झिलई पिठासारखी, रंग शोषायला टपलेली. तिच्यावर कुंचला टेकला की रंग तिथल्या तिथे शोषला जातो. ना पुसता येत, ना खरवडता येत. ओल्या गिलाव्यावर भित्तिचित्र रंगवणाऱ्याला हीच धास्ती असते. फरक इतकाच, की गिलावा भट्टीत जात नाही आणि फरशीला पुन्हा भट्टीत जावे लागते. आत कच्चा, करडा दिसणारा कोबाल्ट निळा होऊन येतो, तांब्याचा हिरवा, सुरम्याच्या धातूचा पिवळा, मँगनीजचा जांभळट तपकिरी. रंगवताना चित्रकाराच्या डोळ्यांसमोर जे रंग असतात ते खरे नसतात. खरे रंग त्याला मनात धरावे लागतात.

आता कल्पना करा, की असे एक मोठे चित्र शेकडो फरशांवर पसरलेले आहे. सगळ्या जमिनीवर जुळवून मांडायच्या, चित्र काढायचे, मग ते चित्र मोडायचे. फरशा सुट्या करून भट्टीत रचायच्या. भट्टीच्या पोटात सगळीकडे आच सारखी नसते: खाली जास्त, कडेला कमी. एकाच आकाशाचे दोन तुकडे दोन ठिकाणी भाजले जाऊन परत येतात आणि मग पुन्हा शेजारी बसतात. त्यांतली एक जरी तडकली तरी तिची बदली नाही, कारण तशी दुसरी जगात नाही. निकुलोसोच्या भिंतींसमोर उभे राहिल्यावर पहिल्यांदा फरशांचे सांधे शोधावेत, चित्र नंतर पाहावे. सांध्यांची ती चौकट दिसते, नाही असे नाही. पण एखादी वेल एका फरशीवरून निघून दुसरीवर वळते तेव्हा तिच्या वळणाचा वेग सांध्यावर जराही मंदावत नाही. मोडणार आहे हे ठाऊक असलेल्या चित्रात हात इतका निर्धास्त चालवणे, हे या माणसाचे पहिले मोठेपण.

तारीख असलेले त्याचे सर्वांत जुने काम त्रियानातच आहे. सांता आना चर्चमध्ये 1503 सालची इन्यिगो लोपेस याची थडग्यावरची फरशी. मेलेला माणूस पाठीवर निजलेला, डोके उशीवर. एरवी हे काम संगमरवरात कोरून करायचे. इथे ते सपाट आहे. खोली जी काही आहे ती रेघेत आणि रंगाच्या छटेत. चेहरा आता ओळखू येत नाही. त्याला कारण लोकांची श्रद्धा. या थडग्याला लाथा मारल्या की लग्न जुळते, अशी त्रियानातल्या मुलींची समजूत होती, आणि कित्येक पिढ्यांच्या पायांनी फरशीवरचा रंग झिजवला. मला या नासधुशीचा राग येत नाही. दगडाच्या थडग्याला हात लावायला माणूस बिचकतो. या थडग्याशी मात्र वस्तीने घरच्यासारखी सलगी केली. निकुलोसो त्या वस्तीत किती मुरला होता, हे त्यावरून कळते.

पण खरे रसपान करायचे ते अल्काझार राजवाड्याच्या वरच्या मजल्यावर. फेर्नांदो आणि इसाबेल या राजाराणीच्या खासगी प्रार्थनाघरात 1504 साली त्याने फरशांची एक पूर्ण वेदी उभी केली. वेदीची दर्शनी बाजू, तिच्यावरचे मोठे चित्र, चित्राभोवतीची रुंद चौकट, सगळे भाजलेल्या मातीचे. खोली लहान आहे. दरबारात दुरून पाहायचे हे चित्र नव्हे. गुडघे टेकून बसलेल्या एका माणसाच्या नजरेच्या अंतरासाठी ते केलेले आहे. म्हणून बारकावे इतके दाट आहेत.

मधल्या चित्राचा विषय आहे मरीया आणि अलीशिबा यांची भेट. दोघी नात्यातल्या, दोघी गरोदर. एकीच्या पोटी येशू, दुसरीच्या पोटी योहान. तरुण मरीया डोंगराळ वाटेने चालत म्हाताऱ्या अलीशिबेच्या घरी येते आणि तिचे शब्द कानी पडताच अलीशिबेच्या पोटातले बाळ उसळते, अशी ती कथा. ख्रिस्ती चित्रकलेत याहून भव्य प्रसंग पुष्कळ आहेत. मग राणीच्या देवघरात हाच का? उत्तर नावात आहे. अलीशिबेचे स्पॅनिश रूप इसाबेल. राणी प्रार्थनेला बसली की समोर तिच्याच नावाची बाई देवाच्या आईला घरात घेते आहे. राणीची स्तुती करायला चित्रकाराला कुठे तिचा चेहरा काढावा लागला नाही, की मुकुट रंगवावा लागला नाही. एवढा प्रसंग निवडला आणि सगळे सांगून झाले. दरबारी कलेत असा संयम दुर्मीळ असतो.

आता चित्रावरून नजर चौकटीवर आणा, कारण निकुलोसोने मधल्या चित्राइतकाच जीव तिथे ओतला आहे. चौकट म्हणजे इशायाची वंशवेल. खाली दावीद राजाचा म्हातारा बाप इशाय निजलेला, त्याच्यापासून एक वेल निघते आणि तिच्या फुलांतून दावीदाच्या कुळातले राजे कमरेपर्यंत उमलून वर येतात, थेट मरीयेच्या पिढीपर्यंत. ही कल्पना उत्तर युरोपातल्या गॉथिक कलेत चांगली रुजलेली होती. तिथल्या छापील प्रार्थनापुस्तकांच्या समासांत असली झाडे असत. निकुलोसोने तिला दिलेले काम मात्र मोठे चतुर आहे. आत दोन बायकांच्या पोटांत दोन बाळे आहेत, ती दिसत नाहीत, दिसू शकत नाहीत. बाहेर चौकटीवर मात्र शेकडो वर्षांची वंशावळ फुटून, बहरून आलेली आहे. आत जे झाकलेले आहे ते काठ उघड सांगतो. पैठणीचा काठ वेगळा विणून नंतर जोडलेला नसतो, तो त्याच वस्त्राच्या अंगातून निघतो. ही चौकट मला तशी वाटते. ती काढली तर चित्र लहान होणार नाही, मुके होईल.

वेदीच्या दर्शनी भागावर मधे एका वर्तुळात आणखी एक प्रसंग आहे: देवदूत मरीयेला गर्भाची वार्ता सांगतो. म्हणजे खालून वर वाचायचे. खाली वार्ता, वर दोघींची भेट, आणि सभोवती वंश. वर्तुळाच्या दोन्ही अंगांना जी नक्षी आहे ती इटलीहून आलेली अगदी ताजी गोष्ट. 1480च्या सुमारास रोममध्ये नीरोच्या जमिनीखाली गाडल्या गेलेल्या महालाच्या खोल्या सापडल्या. त्यांच्या भिंतींवर वेली, पंख, अर्धे पशू, अर्धी माणसे, समईसारखे एकावर एक रचलेले बारीक खांब असे सगळे लपेटलेले होते. गुहेत सापडली म्हणून या नक्षीला ग्रोटेस्क म्हणू लागले. इटलीतले चित्रकार तिच्यावर भाळले होते. पंचवीस वर्षांच्या आत ती सेव्हिलच्या राजवाड्यात, फरशीवर, पोचली, आणि तिला पोचवणारा हा पिसाकर. ग्रोटेस्कची गंमत तोलात आहे. डावीकडे जे उजवीकडे तेच, पण आरशासारखे. मधल्या दांड्यावर सगळे तरंगत असल्यासारखे, कुणाचेच वजन कुणावर नाही. जड मातीच्या फरशीवर हे तरंगणे उतरवायचे तर रेघ फार हलकी लागते. निकुलोसोची रेघ केसाइतकी बारीक होते आणि पुन्हा भरते, एका फटकाऱ्यात.

त्या नक्षीत राजाराणीची चिन्हेही गुंफलेली आहेत: जू आणि बाणांची जुडी. यात एक प्रेमळ खेळ आहे, तो कळल्यावर चित्र आणखी गोड लागते. जू हे राजाचे चिन्ह, पण स्पॅनिशमध्ये त्याला 'युगो' म्हणतात आणि त्याचे पहिले अक्षर राणीच्या नावाचे, कारण तेव्हा इसाबेल हे नाव वाय अक्षराने लिहीत. बाण हे राणीचे चिन्ह, पण 'फ्लेचास'चे पहिले अक्षर फेर्नांदोचे. दोघांनी एकमेकांचे नाव आपल्या खुणेत घेतलेले. आपल्याकडचा उखाणाच हा, फक्त चिन्हांत घातलेला. हा खेळ निकुलोसोने शोधलेला नव्हे, दरबारचाच. पण त्याने ती चिन्हे शिक्क्यासारखी उमटवली नाहीत, वेलींच्या ओघात सोडून दिली. परक्या दरबाराची भाषा इतक्या लवकर, इतक्या सफाईने बोलणारा परदेशी क्वचित सापडतो.

रंगांबद्दल थोडे थांबून बोलायला हवे. या कलेत खात्रीचा लाल नाही. भट्टीच्या आचेत तो टिकत नाही. चित्रकाराला लाल नसणे म्हणजे गवयाला एक स्वर वर्ज्य असणे. पण वर्ज्य स्वराने राग अडत नाही, उलट त्याला रूप येते. निकुलोसो पिवळ्याला नारिंगीकडे झुकवतो आणि लालाची ऊब तिथून काढतो. सावलीला काळा वापरत नाही, निळ्याचाच गडद हात देतो किंवा मँगनीजचा जांभळट. झिलईचा पांढरा तो कपड्यांच्या घड्यांवर मोकळा सोडतो, आणि तो मोकळा पांढराच खिडकीतून आलेला उजेड परतवतो. तेलचित्रात उजेड रंगवावा लागतो. इथे उजेड पृष्ठभागावर खरोखर पडतो आणि दिवसभर जागा बदलतो. सकाळी जी घडी चमकते ती संध्याकाळी विझते. सेव्हिलच्या उन्हाला ही झिलई किती मानवते, ते तिथल्या उन्हाळ्यात कळते.

चित्रावर त्याने सही केली आहे: 'निकुलोसो फ्रान्सिस्को इतालियानो मे फेचित.' लॅटिन शब्दांचा अर्थ 'मला केले'. म्हणजे वस्तूच बोलते आहे, मला निकुलोसो फ्रान्सिस्को या इटालियनाने केले. 1504 च्या नोव्हेंबरात, 26 तारखेला, राणी इसाबेल दूर मेदिना देल काम्पो इथे वारली. वेदी तिच्या नावाने सेव्हिलच्या राजवाड्यात उभी राहिली.

त्याच 1504 सालचे दुसरे काम म्हणजे सांता पाउला मठाच्या चर्चचे दार. इथे निकुलोसो एकटा नाही, आणि म्हणून मला हे काम अधिक जवळचे वाटते. बाहेरच्या फाटकातून आत गेले की झाडांचे एक निवांत अंगण लागते आणि त्याच्या टोकाला हे दार दिसते. विटांचे थर आलटून पालटून दोन छटांचे, ही तिथल्या मूरिश वळणाच्या गवंड्यांची रीत. कमान टोकदार, गॉथिक. कमानीवर फरशा, त्यांवर इटालियन ग्रोटेस्क. आणि फरशांच्या मधून उठून येणारी सात वर्तुळाकार शिल्पपदके. ती घडवली सेव्हिलच्या पेद्रो मिल्यान या शिल्पकाराने, आणि त्यानेही आपली सही ठेवली आहे. मधले एकच पदक वेगळे आहे. ते येशूच्या जन्माचे, निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या आकृत्या, फ्लॉरेन्सच्या देल्ला रोब्बिया घराण्याच्या कामाचे.

आता हे सगळे एका दारावर कसे बसले ते पाहा. कागदावर वाचले तर गोंधळ वाटावा: विटा एका जातीच्या, कमान दुसऱ्या, नक्षी तिसऱ्या, शिल्पे दोघांची. डोळ्याला मात्र गोंधळ जाणवत नाही. कारण निकुलोसोने या सगळ्यांच्या मधली जागा आपल्या फरशांनी भरली आहे. पदकांना उठाव आहे, फरशा सपाट आहेत. म्हणून पदके पुढे येतात आणि फरशा आपण होऊन मागे सरतात. फरशांवर रंगांची गर्दी आहे, मधल्या रोब्बिया पदकात फक्त निळा नि पांढरा. म्हणून कमानीवरून फिरणारी नजर शेंड्याशी येऊन शांत होते. विटांच्या आडव्या रेषा थरांनी वर चढतात आणि झिलई सुरू होते तिथे खरबरीतपणा संपून चकाकी लागते. वर दोन कोपऱ्यांत देवदूत येशूच्या नावाची अक्षरे धरून आहेत, कमानीच्या पोटात राजाराणीची मुद्रा आहे. साथीला बसलेला उत्तम तबलजी गाणाऱ्याच्या जागा ओळखतो आणि भरण्याची जागा भरतो, सोडण्याची सोडतो. या दारावर निकुलोसोने तेच केले. राजवाड्यातली वेदी त्याची एकट्याची मैफल होती. इथे त्याने साथ केली, आणि मी त्याला या साथीसाठी जास्त गुण देईन.

यानंतरची कामे विखुरलेली आहेत. त्यांतले मोठे पाहायला सेव्हिल सोडून उत्तरेला एक्स्त्रेमादुरात, 1104 मीटर उंचीच्या तेन्तुदिया डोंगरावर जावे लागते. नावाची कथा अशी, की सांतियागो पंथाचा प्रमुख पेलाय पेरेस कोरेया इथे मूरांशी लढत असताना दिवस मावळू लागला. त्याने मरीयेला विनवले, 'तुझा दिवस थांबव', आणि सूर्य थांबला. तिथल्या मठात निकुलोसोने 1518 मध्ये मुख्य वेदीमागचा पडदाच फरशांत केला. स्पेनमध्ये असे पडदे लाकडात कोरून सोन्याने मढवायची रीत. त्याने खांब, पट्ट्या, कमानी, सगळे लाकूडकाम सपाट फरशीवर रंगवून उभे केले आणि त्या खोट्या खणांत मरीयेच्या आयुष्यातले प्रसंग बसवले. ज्याच्या नावाने डोंगराची कथा सांगतात तो कोरेयाही तिथे आहे. दमट, थंड डोंगरावर लाकूड फुगले असते, सोने उडाले असते. फरशीला पाचशे हिवाळ्यांनी काही केले नाही. हे सगळे सुटे करून, पेटाऱ्यांत भरून, जनावरांच्या पाठीवरून शंभर किलोमीटरच्या आसपास नेऊन पुन्हा जुळवायचे, हा विचार मनात आला की सांध्यांबद्दलचा माझा आदर आणखी वाढतो.

इथली सही लक्ष देऊन वाचावी. चौदा वर्षांपूर्वी राजवाड्यात त्याने स्वतःला 'इटालियन' म्हटले होते. डोंगरावर तो 'निकुलोसुस पिसानुस' आहे, लॅटिन थाटात, पिसाकर. परदेशात नव्याने गेलेला माणूस आधी देश सांगतो, कारण गाव सांगून कुणाला कळणार? ओळख पटल्यावर तो गाव सांगतो. लंडनला गेलेला साताऱ्याचा मुलगा पहिल्या वर्षी 'इंडिया' म्हणतो आणि दहाव्या वर्षी 'सातारा'. आणखी एक गोष्ट मनात येते. निकुलोसो सेव्हिलमध्ये स्थिरावत होता तेव्हा पिसा फ्लॉरेन्सशी स्वातंत्र्यासाठी झुंजत होते. 1494 मध्ये सुरू झालेली ती झुंज पिसा 1509 मध्ये हरले. आपले गाव दुसऱ्याच्या सत्तेखाली गेल्यावर नऊ वर्षांनी हा माणूस स्पेनच्या एका डोंगरावर त्या गावाचे नाव भट्टीत भाजून पक्के करतो. ही सही मला त्याच्या सगळ्या नक्षीहून सुंदर वाटते.

त्याच्या मृत्यूनंतर त्रियानाने हे काम जवळजवळ सोडूनच दिले. कडा उठवलेल्या साच्याच्या फरशा स्वस्त पडत, झटपट होत आणि त्यांना चित्रकार लागत नसे. सपाट, रंगवलेली फरशी सेव्हिलमध्ये पुन्हा नेटाने सुरू झाली ती 1561 नंतर, फ्रान्स आंद्रिस हा अँटवर्पचा कारागीर आला तेव्हा. हा आंद्रिस कोण? इटलीतल्या कास्तेल दुरान्तेहून अँटवर्पला जाऊन वसलेल्या ग्वीदो दा साव्हिनो या कुंभाराचा मुलगा. म्हणजे दुसऱ्या खेपेलाही विद्या इटलीचीच, फक्त अँटवर्पचा वळसा घालून आलेली. पुढे स्पेन आणि पोर्तुगालमध्ये फरशीचित्रांचे जे पेव फुटले त्याची एक झुळूक आपल्याकडेही आली. पणजीच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जोर्ज कोलासोने 1935 साली केलेली निळी-पांढरी फरशीचित्रे आहेत. त्यांच्यासमोरून घाईने जाणाऱ्यांनी एकदा तिथे थांबून पाहावे. चित्र सांध्यांवरून न अडखळता कसे जाते, ते तिथेही दिसते, आणि ती निकुलोसोच्याच गोत्राची गोष्ट आहे.

त्याला विस्मरणातून बाहेर काढण्याचे मोठे श्रेय सेव्हिलच्याच होसे गेस्तोसो या अभ्यासकाचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने शहराच्या झिलईकामाचा इतिहास लिहिला, दप्तरे उलगडली आणि परक्या गावच्या या माणसाला सेव्हिलकर करून घेतले.

कधी सेव्हिलला गेलात तर एक करा. अल्काझारच्या खालच्या मजल्यावर, मूरिश दालनांत आणि बागांत लोकांची रीघ असते. वरच्या राजनिवासाचे तिकीट वेगळे काढावे लागते आणि एका वेळी थोड्याच लोकांना सोडतात, म्हणून बहुतेक जण ते टाळतात. तुम्ही टाळू नका. त्या लहानशा प्रार्थनाघरात जमेल तितके वाकून, राणी जिथे गुडघे टेकणार होती त्या उंचीवरून, फरशांकडे पाहा. मग बाहेर पडून सांता पाउलाच्या अंगणात जा. तिथल्या जोगिणी अजूनही मठात मुरंबे करून विकतात. एक बाटली घ्या आणि दारासमोर थोडा वेळ उभे राहा.